जुळ्यातली कालवड

वरवट बकाल,
२० जानेवारी १९६४

ती. आत्यास,
शालूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तीळगूळ पाठवायला उशीर झाला, रागावू नकोस. घरी सर्व खुशाल आहेत. पत्र लिहिण्याचे कारण पोवळी.

तुला आठवत असेल, लग्नात बाबांनी मला आंदण म्हणून तांबडी कालवड दिली होती. "जुळी लेक, तिला जुळ्यातलीच कालवड," असे ते मांडवभर सांगत फिरत होते. तिच्याबरोबर जन्मलेला गोऱ्हा माहेरी मोताळ्याला राहिला, जसा माझ्याबरोबर जन्मलेला दयाराम राहिला. बाबांना या गोष्टीची फार गंमत वाटायची.

आता तिच्या वयाच्या साऱ्या कालवडी व्याल्या. पोवळी एकदाही माजावर आली नाही. उलट दुसरी गाय माजावर आली की ही तिला हुंगते, वरचा ओठ मुडपते आणि तिच्यावर चढते. बांध शिंगाने उकरते. मान अशी भरली आहे की गळ्यातल्या घंटेचा पट्टा घट्ट झाला. गुराखी कडूबा म्हणतो, "वैनी, हे गाय नोहे. हा लुगडं नेसलेला सांड हाय." सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

या घरात असे मानतात की आंदणाची गाय आधी व्याली पाहिजे, तिचा चीक कुलदेवीला गेला पाहिजे, मग सुनेची कूस उजवते. म्हणून सगळे आधी पोवळीकडे पाहतात आणि मग माझ्याकडे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी सगळ्यांच्या ओट्या भरल्या. माझ्यापर्यंत आल्या आणि तांदूळ संपले म्हणाल्या.

पोवळीला काही औषध असले तर कळव. तू प्राणिशास्त्र शिकलीस, तुला माहीत असेल.

सासूबाईंच्या माहेरची जनका म्हणून एक मुलगी राहायला आली आहे. चांगली आहे. माझ्याशी गोड बोलते.

तुझी,
शालू


मलकापूर,
२९ जानेवारी १९६४

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

तीळगूळ मिळाला. तीळ कच्चे होते. भाजताना घाई करू नये.

पोवळीला औषध नाही, कारण तिला आजार नाही. ती अशीच जन्मली आहे. का, ते लिहिते. नीट वाच.

गोऱ्हा बडवून बैल केला की त्याची मस्ती उतरते, तो गाईमागे धावत नाही, त्याची मान वळूसारखी भरत नाही, हे शेतकरी पिढ्यान्पिढ्या पाहत आला आहे. बडवल्याने काय जाते? अंगातला एक रस जातो. शरीरातल्या काही ग्रंथी असे रस थेट रक्तात सोडतात. शास्त्रात त्यांना हार्मोन म्हणतात. नराचे वेगळे, मादीचे वेगळे. गाय माजावर येते, हंबरते, चारा टाकते, वळूला उभी राहते, ती काही कोणाच्या दृष्टीने किंवा नवसाने नव्हे. तिच्या अंडाशयातला रस तिला तसे वागवतो.

आता जुळ्यांचे. गाईच्या पोटात गोऱ्हा आणि कालवड एकत्र वाढले, की बहुधा दोघांची वार एकमेकांत मिसळते आणि रक्तवाहिन्या जोडल्या जातात. गोऱ्ह्याचे रस आधी तयार होतात आणि बहिणीच्या रक्तात शिरतात. त्यामुळे तिचे गर्भाशय आणि अंडाशय नीट घडतच नाहीत. अशा दहा कालवडींतल्या नऊ वांझ निघतात. ती वळूसारखी वागते, कारण तिच्या शरीरात जे अर्धवट घडले आहे ते मादीपेक्षा नराच्या वळणाचे आहे. तिच्यात भूत नाही, कोणाची करणी नाही आणि तुझ्या पायगुणाशी तर तिचा काडीचा संबंध नाही. वामन माझा धाकटा भाऊ आहे म्हणून लिहिते, त्याने गंमत करण्याआधी मला विचारले असते तर जुळी सोडून दुसरी कोणतीही कालवड दे म्हणून सांगितले असते.

तुझ्या सासऱ्यांना, रंगरावांना, सांग की जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. ते तपासून हेच सांगतील.

हे पत्र तू सासऱ्यांना वाचून दाखव. मोठ्याने, ओट्यावर, चार माणसांत. अडाणीपणा चारचौघांत पसरतो, त्याला उत्तरही चारचौघांतच द्यावे. लाजू नकोस. मी मुख्याध्यापिका असताना तू माझ्याकडे राहून सातवी झालीस ती पोळ्या लाटण्यासाठी नव्हे.

याच्या पुढच्या ओळी मात्र वाचून दाखवायच्या नाहीत. ती जनका किती दिवस राहणार आहे? तुझ्या पत्रात एका ओळीत आली आणि गेली, म्हणून विचारते.

तुझी आत्या,
सुभद्रा


वरवट बकाल,
१२ फेब्रुवारी १९६४

सुभद्राबाई मास्तरीणबाई यांस,
रंगरावचा रामराम विनंती विशेष.

तुमचं पत्र सुनेनं ओट्यावर वाचून दाखवलं. पोरीचा आवाज चांगला हाय. चार मंडळी होती, समद्यायनं ऐकलं. कडूबा म्हणे, "म्या तं कवाचंच सांगून राह्यलो." मंग आम्ही डॉक्टरले आणलं. त्यानं पोवळीले काचेची नळी घालून पाह्यली, बोटभरच आत गेली. म्हणे, बाई बरोबर म्हणून राह्यल्या, ही जनमभर फळत नाही. बाई, तुमची विद्या खरी. आम्ही मानतो.

आता पुढचं. मी चार बुकं शिकलेला माणूस, पण दोन आन् दोन मलेही करता येते. पोवळी गोऱ्ह्यासंग जुळी, वांझ निघाली. तिच्या भावाची पैदास मोताळ्यात घरोघर हाय. शालू दयारामसंग जुळी. दयारामले दोन लेकरं झाले, शालूले तीन वर्षांत एक नाही. म्हंजे भावाचा रस बहिणीच्या रक्तात गेला. हे माहं म्हणणं नोहे, हे तुमच्याच पत्रात हाय.

तिचा दोष नाही, हे तुमच्यामुळंच आमाले समजलं. आधी आमची मंजुळा, तिची सासू, तिले टाकून बोलत होती. आता बोलत नाही. म्हणते, बिचारी जनमाचीच तशी, तिले काय बोलाचं.

म्हणून आमच्या गुलाबचं दुसरं कराचं ठरवलं. पोरगी जनका, घरचीच हाय. शालू थोरली म्हणून मानानं राहील. तिले खाण्यापिण्याले कमी पडनार नाही. पोवळीलेही आम्ही बाजारात नेत नाही, दावणीलेच ठेवू.

शालू म्हणते आत्याले विचारा. तं तुम्ही असं करा, हे शास्त्र चार ओळीत लिहून द्या. खाली सही करा. तुमच्यासारखीचं लिहिलेलं असलं म्हंजे वामनरावबी काही म्हणनार नाहीत.

कळावे,
रंगराव


मलकापूर,
१७ फेब्रुवारी १९६४

श्री. रंगराव यांस,

रामराम घालण्याइतका राम आज माझ्यात उरलेला नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

मी गाईविषयी लिहिले. तुम्ही सुनेविषयी वाचलेत. माझ्या पत्रात "गाईच्या पोटात" असे शब्द आहेत. पत्र तुमच्याकडे आहे, पुन्हा पाहा. बाईच्या पोटात असे होत नाही. माणसांतल्या जुळ्या बहीण-भावांची वार वेगवेगळी असते. जागेअभावी एकमेकींना चिकटली, तरी रक्तवाहिन्या जुळत नाहीत. भावाच्या अंगातले काही बहिणीच्या अंगात जात नाही. भावाबरोबर जन्मलेल्या बायकांना मुले होतात, नातवंडे होतात. तुमच्या तालुक्यात शोधा, दहा सापडतील. शोधायचे कष्ट घेतलेत का? नाही. पोवळी समोर होती, शालू समोर होती, दोघी बोलत नव्हत्या. जमले तुमचे शास्त्र.

तुम्हाला खूण हवी असेल तर देते. तुमच्या घरात शालूला दर महिन्याला चार दिवस बाजूला बसवतात. पोवळीला कधी तसला प्रसंग आला? तुम्ही ज्याला विटाळ म्हणता, ती तिच्या शरीरातले रस वेळेवर आपले काम करत असल्याची खूण आहे. तीन वर्षे ती तुमच्या डोळ्यांपुढे आहे. मंजुळाबाईंनी त्या चार दिवसांत तिला पाण्याच्या घागरीला हात लावू दिला नाही आणि उरलेल्या दिवसांत तिला वांझ म्हटले. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा.

आणखी एक. तुम्ही बोलावलेल्या त्याच डॉक्टरांना एक प्रश्न विचारा. गावातल्या गाई फळेनात, तर ते आधी कोणाला तपासतात? ते सांगतील, वळूला. गाई दहा असतात, वळू एक असतो, आणि त्याची भरलेली मान पाहून आतले काही कळत नाही. जनावरांच्या दवाखान्यात असलेली ही अक्कल माणसांच्या घरात कधी शिरणार? दुसरी मुलगी आणण्याआधी गुलाबरावांना अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. नाहीतर दोन वर्षांनी जनकाही बिचारी ठरेल, आणि तिच्यासाठी तुम्ही कोणते जनावर शोधाल?

लिहून द्या म्हणता. घ्या लिहून. पहिली बायको असताना केलेले दुसरे लग्न कायद्याने लग्न नव्हे, गुन्हा आहे. शालूने संमतीची सही दिली तरी गुन्हा आहे. तुम्ही मांडव घाला, मी वकील घेऊन येते.

खाली सही करते. तुम्हाला हवीच होती.

सुभद्रा
(मास्तरीण नव्हे. निवृत्त मुख्याध्यापिका.)


वरवट बकाल,
३ मार्च १९६४

मुख्याध्यापिकाबाई यांस,

आमच्या घरात मर्द तपासत नाहीत.

तुम्ही लग्न केलं नाही, लेकरू नाही, सासू नाही, सासरा नाही. तुमाले घर काय समजते? पुस्तकात घर नसते.

सुनेले आन् कालवडीले मोताळ्याले लावून दिलं. सून गाडीत, कालवड गाडीमांगं बांधून. ज्याचं आंदण त्याच्या घरी. आता काढा तुमचं शास्त्र तिथं.

रंगराव


मोताळा,
९ मार्च १९६४

आत्या,

मी बाबांकडे आले आहे हे तुला कळलेच असेल. मामाजींनी तुला लिहिले असणार, तू त्यांना लिहिले असणार. तुम्ही दोघे लिहीत राहिलात. आता मी लिहिते.

तू म्हणालीस वाचून दाखव, मोठ्याने, चार माणसांत. मी वाचले. डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. 'गर्भाशय' शब्दाला अडखळले तर मामाजी म्हणाले, "वाच नं व, आत्याबाईनं लिहिलं हाय, लाजते काऊन?" ओट्यावर चार पुरुष आणि मी. वाचून संपल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटले, पटले. मग शेजारचे नारायणराव अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, "रंगराव, तुमची सूनबी जुळीच हाय नं?"

आत्या, माझ्या हातात पत्र होते. माझ्याच तोंडाने मी ते वाचले होते.

त्या दिवसापासून मला कोणी टाकून बोलले नाही, हे मामाजींनी तुला लिहिले ते खरे. सासूबाई मला दुधावरची साय वाढू लागल्या. त्या टाकून बोलायच्या तेच बरे होते.

दुसऱ्या पत्रात तू माझा विटाळ मामाजींपुढे मांडलास. ते पत्र त्यांनी एकट्याने वाचले नाही, जनकासुद्धा ऐकत होती. मी पोवळी नाही हे सिद्ध करायला तू मला पोवळीसारखीच उभी केलीस. मला विचारले नाहीस. डॉक्टरांनीही नळी घालताना पोवळीला विचारले नव्हते.

आणि विचारले असतेस तर मी सांगितले असते. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर आम्ही दोघे बाळापूरला सोयरिकीत जातो म्हणून निघालो आणि अकोल्याला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासले. म्हणाल्या, तुझ्यात काही खोट नाही, मालकांना पाठव. हे बाहेर लिंबाखाली बसले होते. मी बोलावले. म्हणाले, "मले काय झालं?" मग म्हणाले, "बस निघून राह्यली, चाल." वाटेत मला हिरव्या बांगड्या घेऊन दिल्या. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते. खांदे हलत होते.

मी घरी कोणाला काही बोलले नाही. ते रडले म्हणून. आता तुला त्यांचा राग येईल. मलाही येतो, पण तो माझा आहे, तो तू त्यांना पत्राने पाठवू नकोस.

शालू


मलकापूर,
१३ मार्च १९६४

चि. शालू,

पत्र पोचले. तू बरोबर आहेस. मी चुकले.

आता सांगत नाही, विचारते. तुला काय हवे?

सुभद्रा


मोताळा,
२ जुलै १९६४

ती. आत्यास,

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण मला माहीतच नव्हते. अजूनही पुरते माहीत नाही. एवढे कळले की मला कोणी बिचारी म्हटलेले चालत नाही.

पेरण्या झाल्या. दयारामच्या बैलजोडीतला एक बैल पायाने अधू झाला. दुसरा तोच, पोवळीचा जुळा भाऊ. दोन वर्षे वळू म्हणून फिरला, आता बडवून बैल केला आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे शांत झाला. पोवळी मात्र दावणीला बांधून बांधून दिवसभर खुंटा उपटत होती. मी दयारामला म्हटले, हिला जुंप. बाबा उठून उभेच राहिले. "गाय जुंपतेस? नरकात जाशील." मी म्हटले, "बाबा, आंदण माझे आहे. तुम्ही मांडवात दिले आहे."

एकाच रंगाची, एकाच उंचीची जोडी. पहिल्या तासाला ती आडवी गेली. नंतर भावाच्या पावलाला पाऊल लावून चालू लागली. आता आमच्या कपाशीत तण काढायचा डवरा तीच ओढते. बाबा वावरात येत नाहीत, पण कडेला धुऱ्यावर उभे राहून पाहतात.

शालू


मलकापूर,
१० ऑगस्ट १९६४

चि. शालूस आशीर्वाद.

एक गोष्ट महिनाभर पोटात ठेवली. ज्याची आहे त्याने तुला सांगावी म्हणून थांबले होते. तो सांगत नाही, आणि ती त्याच्याइतकीच तुझीही आहे. म्हणून लिहिते.

गेल्या महिन्यात गुलाबराव माझ्या दारात उभे राहिले. हातात पिशवी, स्टेशनवरून चालत आलेले. पाणी दिले. पाणी पिऊन रिकामा तांब्या हातात धरून बसले.

"आत्याबाई, मी अकोल्याले गेलतो. एकटाच."

"बरे."

"दोष माह्यात हाय. डॉक्टर म्हणे, जन्माचाच असन."

"हे मला का सांगता?"

"तुमीच लिहिलं होतं, सांड तपासा म्हणून."

"लिहिले होते. पण तीन वर्षे वांझ म्हणून जिने ऐकून घेतले ती इथे राहत नाही. मोताळ्याला राहते. बस चौकातून सुटते."

"तिच्यापुढं तोंड कसं दाखवू?"

"तिने तुमच्यासाठी तोंड बंद ठेवले. तुम्ही तिच्यासाठी उघडा."

मान हलवली, तांब्या ठेवला, माझ्या पाया पडले. मी खिडकीतून पाहिले. चौकात गेले, मोताळ्याची बस उभी होती, तिच्याकडे पाहिले आणि नांदुऱ्याच्या बसमध्ये बसून घरी गेले.

जनकाला स्वतः तिच्या गावी पोचवून आले आहेत. दुसरे लग्न करणार नाही असे घरी सांगितले. का, ते सांगितले नाही. म्हणजे घरच्यांना वाटते आहे की तू काहीतरी जादू केलीस. चांगला माणूस आहे. असल्या चांगल्या माणसांचा मला वाईट माणसांपेक्षा जास्त संताप येतो. रंगरावांशी निदान भांडता तरी येते.

मी त्यांना किंवा रंगरावांना काहीही लिहिलेले नाही. लिहिणारही नाही. हात शिवशिवतो, पण नाही.

सुभद्रा


मोताळा,
१४ सप्टेंबर १९६४

ती. आत्यास नमस्कार.

तुझे पत्र मी खूप वेळा वाचले. रडले नाही. मोताळ्याच्या बसकडे पाहून नांदुऱ्याच्या बसमध्ये बसले, तेवढे मात्र विसरता येत नाही.

आता पोळ्याचे ऐक. सगळ्यांनी बैल सजवून मारुतीपुढे तोरणाखाली रांगेत उभे केले. दयारामने बैल नेला. मी पोवळीला नेले. शिंगे रंगवली, पाठीवर झूल टाकली, कपाळाला मटाटी बांधली. रांगेत एकदम गलका झाला.

"अबे, गाय आणली वामनरावच्या पोरीनं!"

"पोळा बैलायचा असते, बाई. वापस ने."

मी म्हटले, "पोळा कामाचा असतो का शिंगांचा? गाय असती तर दूध दिले असते. हिने चार एकर डवरले. तुमच्या दावणीला सावलीत बसलेले दोन बैल मी रोज पाहते, त्यांना कसे आणले?"

तेवढ्यात मागून एकाने झडती म्हटली, पोळ्यातले टोमण्याचे गाणे.

"कपाशीले लागलं दोडीवर दोडं,
गाय जुपली जुवाले, बैलाचं काळं तोंड,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

सगळे हसले. मीही हसले, झडती चांगली होती. मला वाटले बाबा तोंड लपवून घरी जातील. ते पुढे आले, पोवळीच्या कपाळाला कुंकू लावले आणि म्हणाले, "माह्या लेकीची जोडी हाय. ज्याले पाहाचं नाही त्यानं डोळे मिटा." तुझेच भाऊ शेवटी.

ही बातमी वरवटला पोचायला आठ दिवसही लागले नाहीत. मामाजींचे कार्ड आले. जसेच्या तसे उतरवते. "आमच्या घरच्या गाईले पोळ्यात उभं केलं म्हणे. आमची इज्जत गेली. आंदण एकदा दिलं म्हंजे आमचं. पोवळीले ताबडतोब लावून देणे." बस. माझे नाव नाही. बाबा म्हणाले, "तुलेच बोलावून राह्यला तो, गाईच्या नावानं. म्हातारा सरळ बोलणाऱ्यातला नाही." दयारामही तेच म्हणाला. कदाचित खरे असेल. पण मला गाईच्या नावाने बोलावलेले आता पुरे झाले.

मी उत्तर पाठवले. तुला न विचारता पाठवले, तरी त्याची नक्कल देते.

"ती. मामाजींस नमस्कार. आपले कार्ड मिळाले. त्यात पोवळीला पाठवा असे आहे, सुनेला पाठवा असे नाही. पोवळी जन्मापासून वांझ आहे. मी नाही. हे अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितले आहे. तुम्हाला ते तुमच्या घरातल्याच माणसाने सांगायला हवे होते.

"मी परत यावे असे वाटत असेल तर माझी अट एकच. ज्या ओट्यावर मी आत्याचे पत्र वाचले, त्याच ओट्यावर, त्याच माणसांपुढे, माझे हे पत्र मोठ्याने वाचा. मग मी येते. पोवळी येईल ती जुंपून येईल. गाडीमागे बांधून येणार नाही."

वाचले नाही तर मी इथेच आहे. कपाशी वेचणीला येते आहे. हातांना काम आहे. तुला काय हवे, असे तू विचारले होतेस. हे हवे होते.

शालू

(अकोल्याला जाऊन अजून दोन वर्षे व्हायची आहेत. 'दोन वर्षे' मी रागात लिहिले. तू चूक काढशील म्हणून आधीच सांगते.)


वरवट बकाल,
२५ सप्टेंबर १९६४

सौ. शालूस,

तुहं पत्र आलं. बाबांनी आधी एकट्यानं वाचलं आन् जेवले नाहीत. मंग संध्याकाळी मंडळी जमली तवा हातात घेतलं. म्हणे, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यावरच होता. कडूबानं सांगतलं तं त्याच्यावर भडकले, "तू आपली गुरं पाह्य बे!"

मंग म्या त्यायच्या हातातून पत्र घेतलं. तू उंबऱ्यात उभी होती तिथंच उभा राह्यलो. मंडळी तीच होती, नारायणराव बी होते. 'घरातल्याच माणसानं' इथं आलो आन् थांबलो. कोणी म्हणे, पाणी दे रे गुलाबले. म्या म्हटलं, पाणी नको, तो माणूस मी हाय. मंग तुह्या पत्रात नव्हतं ते बी सांगतलं. अकोल्याचं सांगतलं, लिंबाखाली बसलो ते सांगतलं, तुले बांगड्या घेऊन चूप बसवलं ते बी सांगतलं.

नारायणरावचा अडकित्ता खाली पडला. आई आत निघून गेली. बाबा तिथंच बसले होते. सारे उठून गेल्यावर म्हणे, "तिले वाच म्हटलं होतं म्या. मोठ्यानं." येवढंच बोलले. रातच्याला गोठ्यात जाऊन जुवाच्या जुन्या शिवळा, मानेजवळच्या खुंट्या, बदलवत होते. कोणासाठी ते म्या विचारलं नाही.

लेकरू होणार नाही. हे तुले म्या आधी सांगाचं होतं. सारं ऐकून तुले याचं असन तं ये. नसन याचं तं तसं सांग, म्या वाईट माननार नाही.

सोमवारी गाडी घेऊन निघतो. एका अंगाले आपला बैल हाय. दुसरा मोताळ्याच्या सोयऱ्याचा, तो तिथंच वापस द्याचा हाय. येतानी त्या जागी पोवळी जुंपू आन् गावातून ओट्यापुढूनच गाडी नेऊ.

तू नाही म्हटलं तं येतानी जुवाच्या दुसऱ्या अंगाले मी हायच.

गुलाब